पर्यायी इतिहासातली विचारसरणी कशी बांधावी: १९४६ चा फाटा धरून

पर्यायी इतिहास लिहिणारे लढाया आणि नकाशे मन लावून करतात, आणि राजकारणाकडे आले की हात आखडता घेतात. मग होतं असं, की नकाशाचे रंग बदललेले असतात, पण त्या रंगांत राहणारी माणसं आजच्याच पक्षांच्या आजच्याच घोषणा देत फिरतात. वाचकाला ते लगेच खटकतं. कारण विचारसरणी ही गोष्टीला वरून लावायची पाटी नसते. मत कोणाला आहे, कर कोण गोळा करतो आणि संघातून बाहेर पडायची मुभा कोणाला आहे, हे तीन प्रश्न सुटले की कोण काय बोलेल हे बरंचसं तिथूनच निघतं. म्हणून आधी यंत्रणा, मग माणसं, आणि शेवटी ‘वाद’. कादंबरी असो, एकांकिका असो की पटावरचा खेळ, क्रम हाच ठेवावा.

खालची सगळी पद्धत एकाच उदाहरणावर चालवून दाखवली आहे: १६ मे १९४६ ची त्रिमंत्री योजना, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या तीन मंत्र्यांनी मांडलेली एकसंध हिंदुस्थानची योजना, टिकली असती आणि फाळणी झाली नसती तर?

फाटा कुठे फोडायचा

फाटा म्हणजे खऱ्या इतिहासापासून आपली गोष्ट जिथे वेगळी वळते तो क्षण. मराठी माणसाचा पहिला मोह पानिपत. १७६१ चा फाटा लढाईच्या गोष्टीला उत्तम, पण विचारसरणीच्या कामाला नवख्याने तो घेऊ नये. वर्तमानपत्र, मतपेटी, कामगार संघटना, जाहीरनामा हे सगळं त्यानंतर दीडशे वर्षांत आलं, आणि फाटा इतका मागे नेला की त्यातलं प्रत्येक आपल्याला नव्याने, वेगळ्या कारणाने उगवून दाखवावं लागतं. १९४६ मध्ये हे सगळं तयार आहे. योजनेचा मजकूर उपलब्ध आहे, जागांचे आकडे आहेत, पुढाऱ्यांची मतं नोंदलेली आहेत.

आता नेमका क्षण. सगळे जण १० जुलै १९४६ ची मुंबईतली नेहरूंची पत्रकार परिषद उचलतात. घटना समितीत गेल्यावर आम्ही कशानेही बांधलेले नाही, या अर्थाचं नेहरू तिथे बोलले, आणि २९ जुलैला मुस्लिम लीगने योजनेची संमती मागे घेतली. ‘नेहरू त्या दिवशी गप्प बसले’ हा फाटा आकर्षक वाटतो, पण कच्चा आहे. भांडण त्या वाक्यात नव्हतं, गटांच्या रचनेत होतं. योजनेने प्रांतांचे ‘अ’, ‘ब’, ‘क’ असे तीन विभाग केले होते, आणि प्रत्येक विभागाने वेगळं बसून आपल्या प्रांतांच्या आणि गटाच्या घटना ठरवायच्या होत्या. आसामचे काँग्रेस पुढारी गोपीनाथ बार्डोलोई बंगालसोबत एका विभागात बसायला आधीपासूनच विरोध करत होते. पत्रकार परिषद पुसली तरी आसाम उरतोच, आणि महिन्याभरात गाडी पुन्हा त्याच रुळावर येते. फाटा निवडताना हीच चाचणी लावा: हा क्षण काढला, तर त्यामागचं कारण दुसऱ्या दाराने परत येतं का? येत असेल, तर कारणाला हात घाला.

इथे कारण आहे विभागातल्या मतदानाची रीत. प्रांताची घटना विभागाच्या एकत्रित बहुमताने ठरणार, की त्या त्या प्रांताच्या सभासदांनी? ‘क’ विभागात बंगालच्या ६० आणि आसामच्या १० जागा. एकत्रित मतदान झालं तर आसामची घटना, मतदारयादीचे नियमसुद्धा, बंगाल लिहिणार. आणि नवी घटना लागू झाल्यावर पहिल्या निवडणुकीनंतर गटातून बाहेर पडायचा जो हक्क आसामला होता, तो त्याच नियमांत अडकवता येणार. ही भीती रास्त होती. तेव्हा फाटा असा लिहा: जून १९४६ मध्ये काँग्रेस विभागवार बसायला बिनशर्त संमती देते; बदल्यात लीग मान्य करते की प्रांताची घटना त्या प्रांताच्याच सभासदांच्या बहुमताने होईल, गटाची मात्र विभागाच्या बहुमताने. दोन्ही बाजूंनी काहीतरी सोडलं, आणि कोणीही अचानक शहाणं झालं नाही. फाटा एका वाक्यात मावत नसेल, तर तुम्ही दोन फाटे फोडले आहेत, त्यातला एक काढा.

त्याच कागदावर खाली ‘न बदलणाऱ्या’ गोष्टींची यादी करा. त्यात १६ मे १९४६ पर्यंतचं सगळं येतं: १९४३ चा बंगालचा दुष्काळ, फेब्रुवारी १९४६ चं मुंबईतलं नाविकांचं बंड, मे महिन्यातच बेळगावच्या साहित्य संमेलनात झालेला संयुक्त महाराष्ट्राचा ठराव. बाहेरच्या जगातलं ज्याला हिंदुस्थानातल्या निर्णयाने धक्का लागत नाही तेही त्यात घाला. चीनमधली १९४९ ची क्रांती होतेच. सालाझार १९३२ पासून पोर्तुगालवर बसलेला आहे तो बसलेलाच राहतो. समाजवादी पुढारी राममनोहर लोहियांची गोव्यातल्या मडगावची, पोर्तुगीज राजवटीविरुद्धची १८ जून १९४६ ची सभा होते, आणि गोवा परराष्ट्र खात्याचा, म्हणजे केंद्राचा प्रश्न होतो.

यंत्रणा मांडून घ्या

योजनेत केंद्राकडे तीनच विषय: परराष्ट्र, संरक्षण, दळणवळण, आणि त्यांच्यासाठी लागणारा पैसा उभा करण्याचा अधिकार. बाकी सगळे विषय आणि शेषाधिकार, म्हणजे कुठल्याच यादीत न आलेले अधिकार, प्रांतांकडे. प्रांतांनी गट करायचे, गटाला हवं तर आपलं विधिमंडळ आणि मंत्रिमंडळ. दर दहा वर्षांनी कुठल्याही प्रांताला आपल्या विधिमंडळाच्या बहुमताने घटनेच्या फेरविचाराची मागणी करता येणार. मोठा जातीय प्रश्न केंद्रीय विधिमंडळात आला, तर एकूण बहुमताबरोबर दोन्ही प्रमुख समाजांच्या हजर सभासदांचं वेगवेगळं बहुमतही लागणार. संस्थानांवरची ब्रिटिशांची अधिसत्ता, म्हणजे संस्थानिकांवरचा त्यांचा वरचा हक्क, संपणार, पण ती नव्या सरकारकडे जाणार नाही.

हे घोटून झाल्यावर आकड्यांचा एक तक्ता भिंतीवर लावा, कारण पुढची प्रत्येक गोष्ट त्याच्याशी ताडून पाहायची आहे. घटना समितीत ‘अ’ विभागाच्या १८७ जागा: मद्रास ४९, मुंबई २१, संयुक्त प्रांत ५५, बिहार ३६, मध्य प्रांत १७, ओरिसा ९. ‘ब’ च्या ३५: पंजाब २८, सरहद्द प्रांत ३, सिंध ४. ‘क’ च्या ७०. संस्थानांना जास्तीत जास्त ९३, चीफ कमिशनरच्या प्रांतांना ४. एकूण ३८९.

या तक्त्याकडे नुसतं बघत बसलं तरी राजकारण दिसायला लागतं. ‘क’ विभागात ३६ मुस्लिम आणि ३४ सर्वसाधारण जागा. एक माणूस बाजू बदलला की ३५–३५. तिथे फजलुल हक यांच्यासारखा लीगशी बिनसलेला शेतकरी पुढारी एका मताचा असला तरी राजा आहे. ‘ब’ मध्ये शिखांना ३५ पैकी ४. त्यांच्या हाती नकाराधिकार नाही, आणि केंद्रातल्या जातीय प्रश्नाच्या कलमात ‘दोन प्रमुख समाज’ म्हटल्यामुळे तिथेही नाही. शीख राजकारण या योजनेत कोणत्या सुराने बोलेल, हे त्या ४ च्या आकड्यातच आहे.

डॉ. आंबेडकरांचं उदाहरण तर मराठी लेखकाने सोडूच नये. १९४६ मध्ये ते घटना समितीवर बंगालमधून निवडून आले, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या खटपटीने. मुंबईत त्यांच्याकडे मतं नव्हती. फाळणी ठरल्यावर ती जागा गेली आणि ते मुंबई प्रांतातून पुन्हा समितीत आले. आपल्या फाट्यात फाळणीच नाही. म्हणजे बाबासाहेब ‘क’ विभागात बसतात, बंगाल आणि आसामच्या गटाची घटना करायला, जिथे दोन जागांचं अंतर आहे. १७ डिसेंबर १९४६ च्या भाषणात त्यांनी १९३५ च्या कायद्यापेक्षाही बळकट केंद्र हवं असं सांगितलं, आणि मार्च १९४७ च्या निवेदनात मूलभूत उद्योग आणि शेती सरकारी मालकीची करण्याची मागणी केली. दुबळं केंद्र ठरून गेलेल्या देशात हा माणूस शिल्पकार न होता विरोधी पक्षाचा सर्वांत तयारीचा विचारवंत होतो. एवढ्या एका बदलातून अख्खी कादंबरी निघेल.

मतदारसंघाची रीत तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. विभक्त मतदारसंघ राहिले, तर मुसलमान उमेदवाराला फक्त मुसलमानांकडे मतं मागायची असतात. मग धर्मापलीकडचा शेतकरी पक्ष कितीही पटणारा वाटला तरी त्याला निवडून यायला जागाच नसते. पुणे कराराचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवा: ब्रिटिशांच्या १९३२ च्या जातीय निवाड्यात दलितांना दिलेल्या ७१ विभक्त जागांऐवजी १४८ राखीव जागा मिळाल्या, पण अंतिम मतदान संयुक्त. १९४६ ला आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच जागा मिळाल्या. शिवाय मतदान प्रौढ नव्हतं; कर, मालमत्ता, शिक्षण यांवर होतं. प्रौढ मताधिकार आपोआप आला असं धरू नका. प्रांताची घटना प्रांत लिहिणार असेल, तर मुंबईत सगळ्यांना मत आणि शेजारी फक्त सातबाऱ्यावर नाव असलेल्याला, असंही होऊ शकतं. हे तुम्ही ठरवायचं, आणि पहिल्याच पानावर ठरवायचं.

डावे-उजवे बाजूला ठेवा

आता अक्ष. डावं-उजवं हे माप इथे काम करत नाही, कारण या देशातला मुख्य तंटा वेगळाच आहे. फाट्यातून निघालेले तीन-चार प्रश्नच अक्ष म्हणून घ्यावेत: केंद्र किती बळकट हवं, गट टिकवायचा की दहा वर्षांनी मोडायचा, जमीन कोणाची, मतदारसंघ विभक्त की संयुक्त. प्रत्येक विचारसरणीला यांपैकी दोनच प्रश्नांवर ठाम भूमिका द्या, तिसऱ्यावर आपसांत मतभेद, चौथ्यावर चक्क मौन. चारही प्रश्नांवर सुसंगत उत्तर असलेला पक्ष फक्त शाळेच्या पाठ्यपुस्तकात सापडतो.

मग प्रत्येकीसाठी एक कार्ड करा, पोस्टकार्डापेक्षा मोठं नको. त्यावर सहा गोष्टी: गाऱ्हाणं काय, कोणाचं (जात, धंदा, मुलूख), पैसा कुठून, माणसं कुठे जमतात, त्यांचा आधाराचा मजकूर कोणता, आणि फूट कुठे पडणार. नवखे लोक पाचवा खाना भरभरून लिहितात आणि तिसरा कोरा ठेवतात. तिसरा कोरा असलेली विचारसरणी कथेत दोन प्रकरणांत कोमेजते. पत्रकं कोण छापतं, कार्यकर्त्याच्या जेवणाचं कोण बघतं, याचं उत्तर हवंच.

केंद्रवाद्यांचं, म्हणजे बळकट केंद्र मागणाऱ्यांचं, कार्ड भरून पाहू. गाऱ्हाणं: तीन विषयांच्या केंद्राला देश उभारता येत नाही. कोणाचं? इथे मौज आहे. १९४४ च्या बॉम्बे प्लॅनमध्ये टाटा, बिर्ला वगैरे उद्योगपतींनी १५ वर्षांत १०,००० कोटी रुपयांची योजना मांडली होती आणि तिला आर्थिक बाबतीत पूर्ण अधिकार असलेलं केंद्र सरकार गृहीत होतं. त्याच वर्षी रॉयवाद्यांची, म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय यांच्या अनुयायांची, पीपल्स प्लॅन आली, १० वर्षांत १५,००० कोटींची. ती तयार करणाऱ्यांत वि. म. तारकुंडे होते. गांधीवादी योजनाही त्याच वर्षीची, ३,५०० कोटींची. दुबळ्या केंद्रात पहिल्या दोन्ही योजना कागदावरच राहतात. म्हणजे गिरणीमालक, समाजवादी आणि दलित नेतृत्व एकाच मागणीवर उभे: केंद्राला कर द्या. जमिनीच्या प्रश्नावर मात्र एका सभेतही त्यांचं पटणार नाही. पैसा मुंबई-अहमदाबाद-कलकत्त्याच्या पेढ्यांचा. माणसं जमतात व्यापारी मंडळांत, कॉलेजांत आणि कामगार वस्त्यांत. फूट पहिल्याच अंदाजपत्रकाला. आणि गांधीवादी? त्यांना दुबळं केंद्र मनापासून रुचतं, त्यामुळे ते लीगबरोबर मतदान करताना दिसतील. गांधीवाद्यांसाठी आधाराचा मजकूर शोधायला लांब जायला नको: १९३९ मध्ये औंध संस्थानाने गावपंचायतींवर उभी केलेली राज्यघटना. प्रत्यक्षात १९४८ ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. इथे संस्थान टिकलं, तर ते पुस्तकी स्वप्न राहत नाही, दाखवता येण्याजोगा नमुना होतो, आणि त्यातल्या उणिवाही सगळ्यांना दिसतात.

बंगालचं कार्ड याच्या उलट, तिथे जमीन पुढे आणि केंद्र मागे. १९४६ च्या अखेरीस तेभागा चळवळ सुरू झाली: बरगादाराला, म्हणजे वाट्याने जमीन कसणाऱ्याला, पिकाचा अर्धा नको, दोन तृतीयांश वाटा हवा. प्रत्यक्षात फाळणीने तागाची शेतं पूर्व बंगालात आणि गिरण्या कलकत्त्यात पडल्या. आपल्या फाट्यात ताग पिकवणारा, तो विणणारा आणि त्यावर कर बसवणारा एकाच विधिमंडळात येतात. जमीनदार बहुतांशी हिंदू, बरगादारांत मुसलमान मोठ्या संख्येने आणि आदिवासी, राजबंशीही. त्यामुळे इथली कुठलीही कूळवादी विचारसरणी एकाच वेळी धार्मिकही वाटेल आणि वर्गीयही, आणि तिचे पुढारी गरजेप्रमाणे एक बाजू झाकतील. सोमनाथ लाहिरी हे बंगालमधून निवडून आलेले घटना समितीतले एकटे कम्युनिस्ट. त्यांच्या पक्षाने तर १९४२ सालीच, मराठी माणसाच्या, गंगाधर अधिकारींच्या मांडणीवरून, हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या राष्ट्रकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य केला होता. प्रत्यक्षात पक्षाने पुढे ती भूमिका मागे टाकली. या इतिहासात तीच त्यांची पोथी होते.

मद्रासचं कार्ड लवकर भरतं. १९४४ ला सेलमला पेरियारांनी जस्टिस पक्षाचं द्रविड कळघम केलं. योजनेत प्रांतांना गट करायची मोकळीक आहे, म्हणून वेगळ्या देशाच्या मागणीच्या जागी ‘चौथा गट’ ही घटनेत बसणारी मागणी येते, आणि दर दहा वर्षांनी तिला तारीख मिळते. पंजाबात युनियनिस्ट पक्ष: जमीनदार-शेतकऱ्यांचा, १९०० च्या जमीन हस्तांतरण कायद्यावर पोसलेला, तिन्ही धर्मांचा. त्याचे पुढारी छोटूराम १९४५ मध्ये वारले, १९४६ च्या निवडणुकीत पक्षाची वाताहत झाली. त्याला जिवंत ठेवायचं असेल तर कारण द्या. फाटा त्या निवडणुकीनंतरचा आहे हे विसरू नका.

महाराष्ट्राचं काय होतं

इथे सर्वांत जास्त गफलती होतात, म्हणून जरा थांबू. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आहे तशी उचलून ठेवता येत नाही. प्रत्यक्षात प्रांतांच्या सीमा बदलायचा अधिकार केंद्राकडे आला, म्हणून मोर्चे दिल्लीच्या नावाने निघाले. या योजनेत तो अधिकार केंद्राच्या तीन विषयांत नाही. मुंबई प्रांत आणि मध्य प्रांत-वऱ्हाड यांतली सीमा ‘अ’ गटाच्या पातळीवर ठरणार. मराठवाडा तर निजामाच्या संस्थानात, आणि अधिसत्ता संपल्यामुळे निजामावर कोणाचाच कायदेशीर वचक नाही. सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई करायला तीन विषयांचं केंद्र, तेही दोन्ही समाजांच्या वेगळ्या बहुमताची अट असताना, सहज धजणार नाही. त्यामुळे मराठी चळवळीचे दोन तुकडे होतात. पुण्या-मुंबईचे लोक बळकट गट मागतात, म्हणजे सीमा बदलता येतील. निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांचे लोक बळकट केंद्र मागतात, म्हणजे निजामाला आवरता येईल. ध्येय एक, मागण्या एकमेकींच्या आड येणाऱ्या. अशी गाठ सापडली की ती सोडवायच्या मागे लागू नका, दहा-पंधरा वर्षं तशीच ठेवा.

दुसरी गफलत ३० जानेवारी १९४८ ची. फाळणी नाही, पंचावन्न कोटींचा वाद नाही; तर गांधीहत्या होते का? ‘होत नाही’ असं ठरवलंत, तर त्यामागून आलेली साखळी एकेक करून काढावी लागते. पश्चिम महाराष्ट्रात फेब्रुवारी १९४८ मध्ये ब्राह्मणांची घरं जाळली गेली आणि अनेक कुटुंबं गावं सोडून शहरात आली. ते झालं नाही, तर साताऱ्या-कोल्हापूरच्या खेड्यांत ब्राह्मण जमीनमालक आणखी काही वर्षं राहतो, आणि कुळाशी त्याचं भांडण रोजच्या व्यवहारात, चावडीवर, कोर्टात चालतं. कूळकायदा मग सूडाच्या सावलीत येत नाही, हळूहळू आणि जास्त कज्जे करत येतो. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांचा शेतकरी-कामगारांचा गट काँग्रेसमधून फुटतो का, केव्हा आणि कशावर, हे त्यावर अवलंबून आहे. उलट ‘हत्या होतेच’ असं ठरवलंत, तर मारेकऱ्याला नवं कारण द्यावं लागेल, आणि ते पटणारं हवं.

याच साखळीचं आणखी एक टोक: जनसंघ १९५१ चा. श्यामाप्रसाद मुखर्जी भारत-पाकिस्तानातल्या अल्पसंख्याकांबद्दलच्या नेहरू-लियाकत कराराच्या वादात १९५० ला मंत्रिमंडळातून बाहेर पडले, आणि पुढच्या वर्षी पक्ष निघाला. पाकिस्तान नाही तर करार नाही, करार नाही तर तो राजीनामा नाही. मुखर्जी असतील, पण बंगालमध्ये, ‘क’ गटातून पश्चिम बंगाल वेगळा काढण्याची मागणी करत. एखादा पक्ष आपल्या इतिहासात आणावासा वाटला, की आधी त्याच्या स्थापनेमागची तीन कारणं कागदावर मांडा आणि त्यांतलं फाट्यानंतर कोणतं उरतं ते बघा. दोन गळाली तर पक्षही गाळा. शिवसेना १९६६ ची आहे. १९५५ च्या मुंबईत तिच्या घोषणा आल्या की वाचक पुस्तक मिटतो.

तिसरी चूक गोडव्याची. फाळणी टळली म्हणजे रक्तपात टळला असं नाही. योजना मान्य झाली तरी बंगालमधले ताण, बिहारमधली जमिनीची भांडणं, युद्धानंतर घरी परतलेले लाखो सैनिक हे सगळं जागेवरच आहे. लेखकाच्या आवडीची विचारसरणी सगळीकडे जिंकत चाललेली दिसली, की तिला एक मोठा, तिच्याच चुकीने ओढवलेला पराभव द्या.

आतून कसं दिसतं ते लिहून पाहा

कार्डं झाली की प्रत्येक विचारसरणीचं एक हँडबिल लिहा, ऐंशी ते शंभर शब्दांचं. निबंधात लपलेल्या चुका हँडबिलात उघड्या पडतात, कारण तिथे एकाच माणसाशी, एका भत्त्याबद्दल बोलायचं असतं. समजा साल १९५१, जागा परळ. ‘ब’ गटाने सिंध-पंजाबच्या कापसावर उपकर बसवला आहे. (सिंध १९३६ पर्यंत मुंबई प्रांताचाच भाग होता आणि सक्करचा बंधारा त्याच काळात, १९३२ साली झाला, हे कामगाराला नसलं तरी मालकाला चांगलं आठवतं.) कामगारांतल्या केंद्रवाद्यांचं पत्रक असं सुरू होईल:

“गिरणी कामगार बंधूंनो! सिंधचा कापूस कराचीत एक कर भरतो, मुंबईच्या बंदरात दुसरा. मालक म्हणतो, कापूस महागला, महागाई भत्ता कापतो. कापूस महागला तो दोन सरकारांच्या भांडणात. त्याची शिक्षा साच्यावर उभ्या राहणाऱ्याला का? देशभर कर एकच हवा, आणि भत्ता पुरा हवा! रविवारी सायंकाळी कामगार मैदानात सभेला या.”

खाली छापखान्याचं नाव आणि पत्ता. १८६७ च्या कायद्याने तेव्हा ते छापावंच लागायचं, आणि बेनामी पत्रक हे भूमिगत पक्षाची खूण म्हणून कथेत वापरता येतं. या पत्रकात बघा, ‘संघराज्य’, ‘शेषाधिकार’ असा एकही शब्द नाही. आणि मालकाचा पक्षही ‘एक कर’ हेच म्हणतो आहे, फक्त भत्त्याची ओळ गाळून. दोन गटांची पत्रकं शेजारी ठेवली आणि फरक एका ओळीचा निघाला, तर काम बरोबर चाललं आहे असं समजा. फरक प्रत्येक ओळीत दिसला, तर तुम्ही खलनायक रंगवता आहात.

गटांची नावं पत्रकांनंतर ठेवा. लोक स्वतःला देतात ते नाव वेगळं आणि विरोधक लावतात ते वेगळं, दोन्ही ठरवा. स्वतःचं नाव लांब आणि भारदस्त असतं, विरोधकाचं दोन-तीन अक्षरांचं आणि टोचणारं, आणि लोकांच्या तोंडी तेच बसतं.

मतदानाची चाचणी

शेवटी सगळी कार्डं एका टेबलावर मांडा आणि तीन ठराव मतदानाला टाका. पहिला, तागावरचा कर केंद्राने घ्यावा. दुसरा, हैदराबादला सैन्य पाठवावं. तिसरा, विभक्त मतदारसंघ दहा वर्षांत बंद करावेत. प्रत्येक ठरावावर कोण कोणाबरोबर बसतं ते लिहा. तिन्ही वेळा तीच युती झाली तर तुमच्याकडे विचारसरण्या नाहीत, दोनच टोळ्या आहेत. मागे जाऊन अक्ष बदला. तिन्ही वेळा जोड्या वेगळ्या निघाल्या, आणि निदान एका ठरावावर कुठल्यातरी पक्षाचे दोन तुकडे झाले, तर पुढे जायला हरकत नाही. दुसऱ्या ठरावावर केंद्रवादी उद्योगपती कचरतील असा आमचा अंदाज आहे, कारण सैन्य गेलं की कर वाढतो. पण तुमच्या तक्त्यात उलटं निघालं तर तेच खरं धरा.

कालक्रमात घाई करू नका. पहिली दोन वर्षं फक्त जे थेट योजनेत गुंतले आहेत त्यांचंच बोलणं बदलतं. पाच वर्षांत पक्ष फुटतात आणि जुळतात. नवा ‘वाद’, म्हणजे ज्याचे पुरस्कर्ते १९४६ ला शाळेत होते असा, दहाव्या वर्षाआधी आणू नये. घटना १९४९ ला लागू झाली असं धरलं तर गटातून बाहेर पडायची पहिली खिडकी पहिल्या निवडणुकीनंतर उघडते, आणि फेरविचाराची पहिली तारीख १९५९ च्या आसपास येते. या दोन तारखा वेगळ्या ठेवा. लिहिताना त्या हमखास एकमेकींत मिसळतात. आसाम पहिल्या खिडकीतच बाहेर पडेल, तेव्हा ‘क’ गट म्हणजे एकटा बंगाल उरतो आणि एका प्रांताचा गट चालवायचा कसा, यावर कलकत्त्यात नवा तंटा सुरू होतो. १९५९ साठी प्रत्येक प्रांताच्या विधिमंडळाचं पक्षवार बलाबल आधीच काढून ठेवा. फेरविचाराची मागणी साध्या बहुमताने होते, आणि सरहद्द प्रांतासारख्या छोट्या विधिमंडळात दोन-चार आमदार फुटले तरी सगळ्या देशाची घटना पुन्हा टेबलावर येते.